नाशिकरोडची नोट आणि मुंबईची मूस: एसपीएमसीआयएलचा इतिहास व कामकाज

गोदाकाठ (धागाकर्ता)

नोटांवरच्या कुठल्याही चर्चेत 'रिझर्व्ह बँक नोटा छापते' हे वाक्य हमखास येतं. बँक नोटा चलनात आणते, छापणारे दुसरे. एक केंद्र सरकारच्या मालकीची सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन, म्हणजे एसपीएमसीआयएल. तिचे नोटांचे छापखाने नाशिकरोड आणि देवासला. दुसरी रिझर्व्ह बँकेची उपकंपनी, भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण. तिचे म्हैसूर आणि बंगालमधल्या सालबोनीला. हा धागा पहिलीवर, कारण नोट आणि सोनं या दोन्हींचा हिशेब एकाच छपराखाली ठेवणारी ती कंपनी आहे.

कंपनी कागदोपत्री १३ जानेवारी २००६ची. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला अर्थ मंत्रालयाकडची नऊ युनिटं तिच्या ताब्यात आली. नाशिकरोडच्या दोन प्रेस (इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस), देवासची बँक नोट प्रेस, हैदराबादची सिक्युरिटी प्रिंटिंग प्रेस, होशंगाबादची (आताचं नर्मदापुरम) कागद गिरणी, आणि मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा इथल्या टांकसाळी.

पण इतिहास २००६पासून सुरू केला तर सगळंच निसटतं. १८६१च्या कायद्याने सरकारी कागदी चलन आलं, तेव्हापासून नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून जहाजाने यायच्या. टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीची. १९१७ साली चांदीच्या टंचाईमुळे एक रुपयाची नोट काढावी लागली, तीही विलायतेतच छापून आली. १९२२मध्ये मुंबई टांकसाळीचे मास्टर लेफ्टनंट कर्नल विलिस आणि छपाई-स्टेशनरी खात्याचे अॅस्कोली या दोघांना 'हे काम इथे जमेल का' हे पाहायला नेमलं. दिल्लीत चाचणी छपाई झाली, ती जमली. १९२५ला नाशिकरोडला प्रेस उभी राहिली आणि १९२८ला पाच रुपयांची नोट तिथे छापून निघाली.

म्हणजे नाशिकच्या प्रेसची शिफारस करणाऱ्या दोघांतला एक टांकसाळीचा माणूस होता. नोट आणि नाणं यांचं लग्न २००६ला लागलं असं म्हणतात, पण सोयरीक १९२२चीच.

जुनी_मोड

छान धागा. मुंबईची बाजू थोडी भरतो.

फोर्टातली टांकसाळ १८२४ ते १८२९ या काळात बांधली, बॉम्बे इंजिनिअर्सच्या कॅप्टन जॉन हॉकिन्स यांनी. वाफेची इंजिनं बोल्टन-वॅटची. आज समोर रिझर्व्ह बँक दिसते, पण टांकसाळ बँकेपेक्षा शंभर वर्षांनी थोरली.

पहिल्या महायुद्धात इथे दोन सोन्याची नाणी पडली. १९१८ची पंधरा रुपयांची मोहोर, सुमारे २१ लाख नग. मग रॉयल मिंटची शाखा म्हणून ऑगस्ट १९१८पासून काही महिने सॉव्हरिन हे ब्रिटिश नाणं, बरोबर १२,९५,३७२ नग. दोन्हींचं वजन एकच, ७.९८८ ग्रॅम, दोन्ही २२ कॅरेट. मुंबईची सॉव्हरिन ओळखायची खूण: सेंट जॉर्जच्या घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या वर मधोमध बारीक 'आय' अक्षर. बाजारात नुसत्या '१९१८' सालावर भाव सांगतात. भिंगातून 'आय' दिसल्याशिवाय मुंबईचा भाव देऊ नये.

अडकित्ता

दोन शंका. टांकसाळीचं काम नाणी पाडायचं. सोनं शुद्ध करायचं काम तिच्याकडे कुठून आलं? आणि चांदीचं काय?

मूसवाला

@अडकित्ता, नाणं पाडायचं तर आधी धातू ठरलेल्या टंचाचा (शुद्धतेचा) हवा. बाहेरून येणारा धातू कधीच तसा येत नाही. मोडीत आलेली नाणी, लगड, दागिने, सगळं आधी आटवून, तपासून, शुद्ध करून घ्यावं लागतं. त्यामुळे आटणी, परख आणि शुद्धीकरण हे टांकसाळीचे तीन खांब. ठसा मारणं हे शेवटचं आणि तुलनेने सोपं काम.

चांदीचं आधी सांगतो, कारण तिथली गोष्ट मोठी आहे. १९४०ला रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. मिश्रण असं: चांदी ५०, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५ टक्के. युद्धात अमेरिकेकडून लेंड-लीज या उसनवारीच्या योजनेखाली सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी घेतली, आणि ती चांदीच्याच रूपात फेडायची होती. फेडायला चांदी कुठली? लोकांच्या हातातले हेच चार धातूंचे रुपये परत घेऊन त्यातून काढायची. त्यासाठी कोलकात्यात अलिपूरला चांदी शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला आणि १९५७पर्यंत फेड झाली. अलिपूरच्या नव्या टांकसाळीचं उद्घाटन १९५२ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या हस्ते झालं होतं.

आता सोनं. दोन पायऱ्या असतात.

पहिली, मिलर पद्धत. १८६७ला सिडनीच्या टांकसाळीतल्या फ्रान्सिस मिलर यांनी पेटंट घेतलेली. मुशीत सोनं ११०० अंशांच्या वर वितळवायचं, वर टाकणखाराचा थर द्यायचा आणि मातीच्या नळीने तळापर्यंत क्लोरीन सोडायचा. जस्त, लोखंड, शिसं यांची क्लोराइडं वाफ होऊन जातात. तांबं आणि चांदीची क्लोराइडं पातळ होऊन वर तरंगतात, ती काढून घ्यायची. क्लोरीन सोन्याला सगळ्यात शेवटी धरतो, यावरच ही पद्धत उभी आहे. थांबायचं कधी हे धुराच्या रंगावर. तांबूस-तपकिरी धूर दिसायला लागला की सोनंही क्लोराइड होऊन निघालं असं समजायचं. इथे पाच मिनिटं जास्त रेंगाळलं तर सोनं धुराड्यात जातं. म्हणून धुराड्याची राख, टाकणखाराची मळी, जुन्या मुशी, झाडलोट, काहीही फेकत नाहीत. सगळं दळून पुन्हा आटवतात.

या पायरीने हजारात ९९५-९९६ भाग शुद्धतेपर्यंत जाता येतं. पण प्लॅटिनम-पॅलेडियम आत राहतात.

दुसरी, वोलविल पद्धत, १८७४ची, हॅम्बर्गची. ९९५च्या सोन्याचे पत्रे धन टोकाला, हायड्रोक्लोरिक आम्लात सोन्याच्या क्लोराइडचं द्रावण, तापमान ६०-७० अंश, आणि शुद्ध सोनं ऋण टोकावर बसतं, ९९९.९पर्यंत. बिघडतं कुठे? पत्र्यात चांदी जास्त असेल तर तिचं क्लोराइड पत्र्यावर सालीसारखं चिकटतं आणि विरघळणंच बंद पडतं. मग साल खरवडत बसा, किंवा डीसीवर थोडा एसी चढवा म्हणजे ती सुटते. प्लॅटिनम-पॅलेडियम द्रावणात उतरून साठत जातात, म्हणून द्रावण ठरावीक काळाने बदलावं लागतं. आणि खरी अडचण पैशाची. द्रावणात लिटरला साधारण १०० ग्रॅम सोनं कायम अडकून पडलेलं असतं. खासगी रिफायनरीवाला याच कारणाने आम्लराजाकडे (हायड्रोक्लोरिक-नायट्रिकच्या मिश्रणाकडे) वळतो. सरकारी टांकसाळीला ते सोनं अडकवणं परवडतं.

वाटाड्या

आम्लराजानेही ९९९ येतंच की. झवेरी बाजारातले लोक तेच करतात.

मूसवाला

येतं, नाही कोण म्हणतं. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. पण सोन्यात चांदी १० टक्क्यांच्या आसपास गेली की तिचं क्लोराइड दाण्यावर बसून आतलं सोनं विरघळू देत नाही. म्हणून आधी तांबं घालून चांदीचं प्रमाण खाली आणतात, किंवा लगड आटवून पाण्यात ओतून बारीक दाणे करतात. दुसरी चूक म्हणजे उरलेलं नायट्रिक न मारता सोडियम मेटाबायसल्फाइट टाकणं. खाली बसलेलं सोनं परत विरघळतं आणि माणूस पावडर टाकतच राहतो. आधी युरियाने नायट्रिक संपवायचं, मग पावडर. आणि हे सगळं धुराची नीट सोय असलेल्या जागीच. तो तांबडा धूर फुप्फुसं जाळतो.

देवराई

देवळांचं सोनं मुंबईच्या टांकसाळीत जातं म्हणतात. त्याचा हिशेब कसा लागतो? १ किलो दिलं की १ किलोची वीट मिळते असं बऱ्याच जणांना वाटतं.

टंचकर

जातं. तिरुपती देवस्थानचं सोनं मुंबईत शुद्ध होतं. तमिळनाडूतल्या २१ देवळांचं हजार किलोहून जास्त सोनं इथेच २४ कॅरेटच्या विटा करून स्टेट बँकेत ठेवलं गेलं, वर्षाला सुमारे १७.८१ कोटी व्याज येतं असं त्या सरकारने २०२५ला सांगितलं. कस्टम्सने जप्त केलेलं सोनंही टांकसाळीत येतं.

हिशेब असा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, कुठल्या देवळाचे नाहीत.

दागिने १,००० ग्रॅम. खडे, लाख, मेण, दोरा, मळ आटणीत जाऊन लगड राहिली ९८८ ग्रॅम. परख आली ९०५. शुद्ध सोनं ९८८ × ०.९०५ = ८९४.१४ ग्रॅम. ९९५च्या विटेत मोजलं तर ८९८.६३ ग्रॅम, ९९९.९च्या विटेत ८९४.२३ ग्रॅम. सोनं तेवढंच, वीट वेगळ्या वजनाची. पावतीवर टंच न लिहिता नुसतं वजन लिहिलं तर इथेच भांडण होतं.

९१६चे (२२ कॅरेटचे) दागिने ९०५ कसे आले? डाग, म्हणजे सांधायचा धातू. जुन्या दागिन्यांत सांधे कमी टंचाच्या डागाने जोडलेले असतात. साखळी, कर्णफुलं यात सांधे जास्त, पाटल्यांत कमी.

नमुना कुठून घेतात हे परखेइतकंच महत्त्वाचं. थंड लगडीचा कोपरा खरवडून नाही. रस पूर्ण पातळ असताना ढवळून, वितळलेल्यातून. इरिडियमची भेसळ असेल तर ती सोन्यात विरघळतच नाही, जड दाणे तळाशी बसतात आणि वरचा नमुना गोड बोलतो.

मग कपेल (धातूचा मळ शोषणारी सच्छिद्र वाटी) पद्धत:
नमुना २५० मिलिग्रॅम, दोन-तीन वेगवेगळे. सोन्याच्या साधारण अडीच पट चांदी घालायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचं. मॅग्नेशियाच्या कपेलमध्ये ११०० अंशांच्या आसपास भट्टीत. शिसं आणि हलके धातू ऑक्साइड होऊन कपेलमध्ये मुरतात, सोनं-चांदीचा मणी उरतो. मणी ठोकून, तापवून, लाटून पट्टी, पट्टीची गुंडाळी. गुंडाळी नायट्रिकमध्ये दोनदा उकळायची, चांदी निघून जाते. धुवून, तापवून, वजन. शेजारीच माहीत असलेल्या शुद्ध सोन्याचा नमुना त्याच भट्टीत चालवतात आणि त्याच्यात जो फरक पडेल तो वजा करतात. तो न चालवता दिलेली परख म्हणजे अंदाज.

चांदी कमी पडली तर आम्ल आत शिरत नाही, चांदी राहते, टंच खोटा जास्त दिसतो. जास्त झाली तर गुंडाळी विरून भुगा होतो आणि धुताना सोनं जातं, टंच कमी दिसतो.

एक्सआरएफ (क्ष-किरणांनी टंच मोजणारं) मशीन फक्त वरचे काही मायक्रॉन वाचतं. मुलामा असेल तर ते मुलाम्याचाच टंच सांगतं. त्यात त्याचा दोष नाही, विचारणाऱ्याचा आहे.

अवांतर: अशा परखेसाठी लागणारं देशी प्रमाण सोनं, ९९९.९चं, बीएनडी-४२०१ या नावाने निघालं. ते करण्यात मुंबई टांकसाळ, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा एकत्र होत्या. त्याआधी ते बाहेरून आणत. राज्यांच्या वजनमापे खात्यांना लागणारी प्रमाण वजनंही मुंबईचीच.

वाटाड्या

वा. वाचनखूण साठवली. पण नोटेचं राहिलं.

शाईघर

नोटेचं मी लिहितो.

कागद सुती. लाकडाच्या लगद्याचा नाही. जाळीच्या सिलिंडरवर उठावाने वॉटरमार्क कागद बनतानाच होतो, नंतर छापत नाहीत. नोटेतला सुरक्षा धागाही तेव्हाच आत जातो. वर्षानुवर्षं आपली छपाई देशी आणि कागद बराचसा परदेशी अशी गंमत होती. होशंगाबादची गिरणी १९६८ला सुरू झाली, पण तिने सगळी गरज भागत नव्हती. २०१५ला तिथे वर्षाला ६,००० टनांची नवी लाइन आली, आणि म्हैसूरला एसपीएमसीआयएल व रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीची १२,००० टनांची भागीदारीतली गिरणी. शाईचा कारखाना देवासच्या प्रेसमध्येच.

छपाईचा क्रम: आधी ऑफसेट, दोन्ही बाजू एकाच दमात. समोरच्या आकड्याचा अर्धा भाग पुढे, अर्धा मागे, उजेडात धरला की जुळतो, तो यामुळेच जमतो. दोन फेऱ्यांत छापलं असतं तर कागद मधल्या वेळात ताणला-आकसला असता. मग शीट वाळवायच्या. मग इंटाग्लिओ, म्हणजे कोरीव पाटीत शाई भरून प्रचंड दाबाने कागद पाटीच्या खाचांत दाबणं. गांधीजींचं चित्र, बँकेचं नाव, कडेच्या अंधांसाठीच्या रेघा हाताला लागतात त्या याने. मग क्रमांक, मग कटिंग, तपासणी, बंदिस्ती.

काय बिघडतं ते क्रमाने.

हवा. सुती कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. ऑफसेट एका दिवशी आणि इंटाग्लिओ दुसऱ्या दिवशी वेगळ्या हवेत झालं की दोन छपाया एकमेकींवर बसत नाहीत. चित्र नक्षीच्या बाहेर सरकलेलं दिसतं ते हे.

घाई. इंटाग्लिओची शाई जाड थराची. शीटा लवकर रचल्या तर खालच्या शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते, उलटं पुसट चित्र उमटतं. नोव्हेंबर २०१६ला नव्या पाचशेच्या काही नोटांत चित्राची पडछाया, कडांची कमीजास्त मापं दिसली. तेव्हा बँकेनेच घाईचं कारण दिलं होतं. पाचशेचं काम नाशिक-देवासकडे होतं, दोन हजाराचं म्हैसूरकडे.

घडी. शीटचा कोपरा दुमडून छपाईत गेला तर कापल्यावर नोटेला कागदाचं जादा शेपूट राहतं. संग्राहक यासाठी वेडे होतात. प्रेसच्या दृष्टीने ती तपासणीतून सुटलेली चूक.

क्रमांकयंत्र. चाक अडकलं की एक आकडा अर्धा वर, अर्धा खाली.

क्रमांकांची एक मजा. एका शीटवरच्या शेजारच्या नोटांचे क्रमांक लागोपाठचे नसतात. एकाच जागेवरच्या नोटा शीटमागून शीट लागोपाठ चालतात. म्हणून १०० शीटांची चळत एकदम कापली की प्रत्येक जागेतून थेट १०० लागोपाठच्या नोटांचं पाकीट निघतं. नोटा मोजून क्रमाने लावत बसायला नको.

अडकित्ता

मग चळतीतली एक नोट खराब निघाली तर? पाकीट ९९चं?

शाईघर

ऑगस्ट २००६पर्यंत पाकीट लागोपाठच्याच क्रमांकांचं असायचं. म्हणजे खराब नोटेच्या जागी त्याच क्रमांकाची नोट पुन्हा छापायची. एका नोटेसाठी केवढा खटाटोप. २००६पासून स्टार मालिका आली, आधी १०, २०, ५०च्या नोटांत, पुढे १०० आणि २०१६ला ५००मध्ये. खराब नोटेच्या जागी, क्रमांकाआधी चांदणी असलेली नोट. पाकीट १००चंच राहतं, पाकिटाच्या पट्टीवर चांदणी असते म्हणजे आत क्रम तुटला आहे हे कॅशियरला कळतं. चांदणीची नोट खोटी म्हणून नाकारणारे दुकानदार अजून भेटतात. ती तितकीच खरी असते.

खराब शीटही मोजूनच नष्ट होते. कागद गिरणीतून किती आला, चांगल्या किती, खराब किती, कातरण किती, बेरीज शीटला शीट जुळली पाहिजे. @मूसवाला यांनी राखेचं लिहिलं तेच इथे कातरणीचं.

जुनी_मोड

नाशिकने दुसऱ्यांच्याही नोटा छापल्या. फाळणीनंतर ३० जून १९४८पर्यंत पाकिस्तानचं चलनही रिझर्व्ह बँक बघत होती. त्या नोटा आपल्याच, वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. १९५९ला आखाती देशांसाठी 'झेड' मालिकेच्या वेगळ्या रंगाच्या नोटा, आणि हज यात्रेकरूंसाठी 'एचए' मालिकेच्या १० व १०० रुपयांच्या. सोन्याची तस्करी आखाती रुपयांतून चालायची म्हणून हे वेगळे रंग. म्हणजे सोन्याने नोटेचा रंग बदलायला लावला!

गोदाकाठ

याच्या उलट प्रकार १९९७-९८चा. क्षमता कमी पडली म्हणून १ लाख कोटी रुपयांच्या नोटा बाहेर छापून घेतल्या: शंभराच्या २०० कोटी आणि पाचशेच्या १६० कोटी. अमेरिकन बँकनोट, डी ला रू आणि जर्मन कंपन्यांकडून. संसदेच्या समितीने नंतर यावर कडक ताशेरे ओढले. ज्या डी ला रूची तिकिटं थांबवायला नाशिकची प्रेस काढली, तिच्याकडेच सत्तर वर्षांनी जावं लागलं. म्हैसूर आणि सालबोनी १९९६ला सुरू झाले होते, पण पूर्ण वेग यायचा होता.

माझं मत: २००६ला कंपनी करण्यामागे हा अनुभव होता. खात्यात असताना यंत्र घ्यायचं तर फाइल मंत्रालयात फिरायची.

टंचकर

थोडा असहमत. यंत्रं आली हे खरं, पण ग्राहक बदलला नाही. नोटेचा ग्राहक एक, नाण्याचा एक. सोन्यात मात्र कंपनीला बाजारात उतरावं लागलं. ५ नोव्हेंबर २०१५ला अशोकचक्राचं भारतीय सुवर्ण नाणं आलं, ५ आणि १० ग्रॅमचं, सोबत २० ग्रॅमची वीट, टंच ९९९. पाडायचं टांकसाळीने, विकायचं एमएमटीसी या सरकारी व्यापार कंपनीने. पण लंडनच्या सराफा बाजाराने मान्य केलेल्या रिफायनऱ्यांच्या 'गुड डिलिव्हरी' यादीत भारतातली एकच रिफायनरी आहे, एमएमटीसी-पँप, आणि ती सरकारी टांकसाळ नाही. दोनशे वर्षांच्या टांकसाळीला ते का जमू नये, हा प्रश्न मला कंपनी झाल्यानंतरच जास्त टोचतो.

मूसवाला

त्या यादीसाठी वर्षाला ठरावीक टनांचं शुद्धीकरण दाखवावं लागतं. देवळं आणि कस्टम्स यांच्यावर तो कोटा भरत नाही. परखेचा दर्जा हा मुद्दाच नाही.

देवराई

शेवटचा प्रश्न. घरात १९१८ची सॉव्हरिन निघाली तर ती खरी की पितळ, हे सराफाकडे न जाता कळेल का? आणि आताच्या नाण्यावर मुंबईची खूण कुठली?

जुनी_मोड

आताच्या नाण्यावर सालाखाली बघा. चौकट-टिकली म्हणजे मुंबई, पाच टोकांची चांदणी हैदराबाद, गोल टिंब नोएडा, काहीच नाही तर कोलकाता.

सॉव्हरिनसाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. व्यास २२ मिमीच्या किंचित वर, वजन ७.९८, घासलेलं असेल तर ७.९०पर्यंत. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा ०.४५च्या आसपास थांबला तर घनता १७.७, म्हणजे २२ कॅरेट. पितळ त्याच वजनाचं केलं तर ०.९ दाखवेल. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. टंगस्टनची घनता सोन्याजवळ असते, ते या युक्तीला फसवतं, पण इतक्या लहान नाण्यात कोणी तो खटाटोप सहसा करत नाही.